पहिल्या रांगेतल्या बाई

“म्हणजे ते पत्र तूच जाळलंस!” एवढं बोलून विश्रामने मान वळवली, भुवई उंचावली आणि तो तसाच थांबला.

नऊ वर्षं टीव्हीवरच्या मालिकेत त्याने हेच केलं होतं. वाक्य संपलं की नजर रोखून उभं राहायचं, मग कॅमेरा सावकाश चेहऱ्याजवळ येणार. पण आज हे नाटक होतं. समोर कॅमेरा नव्हता, भरलेलं प्रेक्षागृह होतं आणि पहिल्या रांगेत नाट्यशाळेतल्या त्याच्या बाई बसल्या होत्या. “थांबायचं ते पात्राला थांबावंसं वाटलं तर,” त्या शिकवायच्या, “लोकांनी तुला बघून घ्यावं म्हणून नाही.”

पुढचं वाक्यही त्याचंच होतं. त्याला गप्प बघून बहिणीचं काम करणारी नटी घाबरली आणि तिनेच मनाने सांभाळून घेतलं, “दादा, असा बघत काय राहिलास? बोल ना!” तेव्हा कुठे तो भानावर आला.

प्रयोग संपल्यावर बाई काठी टेकत मेकअपच्या खोलीत आल्या. तो पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“वाक्य विसरलास ना? अरे, होतं असं. किती वर्षांनी उभा राहिलास.”

विश्रामला अख्खं नाटक तोंडपाठ होतं, बहिणीच्या वाक्यांसकट. बाई मायेने त्याच्याकडे बघत होत्या.

“हो बाई,” तो मान खाली घालून म्हणाला, “विसरलोच.”