तळ्यापर्यंतची फेरी

रविवारी सकाळी हेमलतानं पायांत बूट चढवले, मोबाइल हातात घेतला आणि जेवणाच्या टेबलाभोवती चालायला लागली. बाहेर सौदीतल्या जुबैलचं ऊन इतकं तापलं होतं, की गॅलरीच्या कडीला हात लावायची सोय नव्हती. पडदे ओढलेले होते. एसी घरघरत होता. इथं रविवार कामाचाच; तिचे यजमान अरविंद कंपनीच्या बसनं केव्हाच प्लांटवर गेले होते.

मोबाइलमध्ये मात्र इंग्लंडची ओली सकाळ होती. तिची लेक चारुता गावाबाहेरच्या कालव्याकाठनं चालली होती. दर रविवारी ती तळ्यापर्यंत फेरी मारायची आणि कॅमेरा पुढे धरून आईलाही सोबत न्यायची. लेकीचा चेहरा त्यात फारसा दिसायचाच नाही. दिसायची ती वाट आणि पाणी.

हेमलताला ती वाट आता पाठ झाली होती. आधी दगडी कमानीचा पूल. मग काठाला बांधलेल्या लांबुडक्या होड्या, त्यांच्या टपावर फुलांच्या कुंड्या आणि जळणाची लाकडं. मग पाणी अडवून धरणारी ती जाडजूड लाकडी दारं. तिथं चारुता थांबली की हेमलताही सोफ्यापाशी थांबायची.

"सुशील कुठाय?" तिनं जावयाची चौकशी केली.

"पुढे गेलाय गं. त्याची चाल माहितीये ना तुला."

"हाक तरी मार. किती दिवसांत बोलणं नाही."

"कानात गाणी असतात त्याच्या, आई. ऐकू नाही येत."

कालवा सोडून वाट कुरणात शिरली. फाटक आलं. मेंढ्या बाहेर पडू नयेत म्हणून ते लावलेलं होतं. चारुताचा हात पुढे झाला. कडीपासून खांबापर्यंत कोळ्याचं जाळं होतं, दवानं भरलेलं, अख्खं. कडी निघाली तसं ते तुटलं आणि तिच्या मनगटाला चिकटलं. ते तिनं जीन्सला पुसून टाकलं.

हेमलताचं पाऊल टेबलाच्या कोपऱ्याशी अडखळलं. सुशील दुसऱ्या वाटेनं गेला असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

समोरून एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत आले. ओळखीचे असावेत. टोपीला हात लावत ते हसले.

"ऑन युवर ओन अगेन, लव्ह?"

आजही एकटीच का, पोरी? एवढं कळायला हेमलताला कुणाची मदत लागली नाही. त्यातलं 'अगेन' तिच्या कानात रुतून बसलं.

कॅमेरा हलला. आभाळ दिसलं, मग गवत, मग चारुताचे चिखलानं भरलेले बूट. ती काहीतरी पुटपुटली. कुत्रं भुंकत लांब गेलं.

"आई, आवाज तुटत होता का गं मघाशी?"

हेमलता टेबलाला धरून उभी होती. लेकीला काय ऐकायचंय, ते तिला त्या आवाजावरनंच समजलं.

"हो ना. मधलं काहीच ऐकू आलं नाही बघ."

"तरीच," चारुता म्हणाली.

दोघी पुढे चालू लागल्या. तळं आलं. राखाडी, निश्चल पाणी, पलीकडच्या काठाला थोडंसं धुकं. चारुता बाकड्यावर बसली. हेमलतानंही खुर्ची ओढली. दोघींपैकी कुणीच सुशीलचं नाव काढलं नाही.

"ठेवू आता?"

"नको. घरी पोचेपर्यंत राहू दे."

"बॅटरी संपेल, आई."

"संपू दे."

परतीच्या वाटेवर होड्या दिसायला लागल्या आणि चित्र एकाएकी विझलं. काळ्या पडलेल्या काचेत हेमलताला स्वतःचंच तोंड दिसलं. तिनं मोबाइल पालथा घातला. पाय मात्र थांबेनात. लेक दारात पोचली असेल असं वाटेपर्यंत ती टेबलाभोवती फिरत राहिली.

संध्याकाळी अरविंद आले. चहा पिता पिता म्हणाले, "काय म्हणते चारुता? बरी आहेत ना दोघं?"

"माझं एक्झिट री-एंट्री काढता का?" सौदीबाहेर जाऊन परत यायचा तो परवाना नवऱ्यानंच काढायचा असे.

"आता? दिवाळीत जायचंच आहे की आपल्याला तिच्याकडे. मला सुट्टी त्याआधी मिळायची नाही."

"तुम्ही दिवाळीत या. माझा तिकडचा व्हिसा आलाय. मी पुढे जाते."

अरविंदनी तिच्याकडे नीट पाहिलं. "एकटी? इथल्या विमानतळावरसुद्धा तू माझ्याशिवाय कधी गेली नाहीस."

"नाही गेले."

"काही झालंय का?"

तिनं तोंड उघडलं. मग त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. लेकीनं आपल्याला सांगितलेलं नाही, ते आपण कसं सांगायचं?

"अगं, ती दोघं दिवसभर कामावर असतात," अरविंद म्हणाले. "परक्या गावात तू करणार काय?"

"चारुता घरी यायच्या आधी दिवा लावेन," हेमलता म्हणाली.