बारीक टाका

टेलरमास्तरांच्या घरात दोन गिनीपिग होते, दोघेही नर. थोरल्या लेकीने मैत्रिणीकडून दोन माद्या आणायचं ठरवलं, तेव्हा तिची आई तिसऱ्या लेकराला मांडीवर थोपटत एवढंच म्हणाली, "आधी त्या दोघांची नसबंदी, मग माद्या."

टेलरमास्तरांची कात्री कापडावरच थांबली. जन्मभर कात्री चालवलेला माणूस, पण ह्या कात्रीचं नाव निघताच त्यांनी हातातली खाली ठेवली. "मुक्या जिवांवर कसला हा अन्याय! त्यांना विचारलंय का कुणी?" असं म्हणत त्यांनी महिनाभर चालढकल केली. शेवटी लेकीने अबोला धरला, तेव्हा कुठे दोघांना टोपलीत घालून ते प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले आणि बाहेरच्या बाकावर, आत आपल्यालाच बोलावणार असल्यासारखे, घाम पुसत बसले.

संध्याकाळी दोघे पठ्ठे घरी येऊन गाजरावर तुटून पडले. मास्तरांनी चष्मा लावला, दोघांना अलगद उताणं करून टाके पाहिले आणि जाम खूश झाले. "काय बारीक टाका घातलाय! माझ्या हाताला जमायचा नाही. दुखणं नाही, खुपणं नाही. लोक उगाच बाऊ करतात!"

"मीही तेच म्हणते," पाळण्याला झोका देत बायको म्हणाली.



"म्हणून तर प्रयोग आधी गिनीपिगवर करतात," तिने पुढे सांगितलं. "उद्या सकाळी तुमचा नंबर लावलाय."