दोन पलंगांची खोली

"हॉटेलात उतरणार? तेही आमच्याच दादरला? आमचं घर काय ओस पडलंय?" वहिनी फोनवर कडाडली. तिचंही बरोबरच होतं. मुंबईत काम निघालं की साताऱ्याहून आम्ही झाडून सगळे तिच्याकडेच उतरायचो. मीही इतकी वर्षं तिच्याच हातचं खाऊन मीटिंगा गाजवल्या. या खेपेला मात्र कंपनीनं खोली दिली होती, दोन पलंगांची. मी म्हटलं, "मग तूच ये की माझ्याकडे राहायला!"

आली. थालीपिठांचा डबा घेऊनच आली.

सकाळी मला जाग आली तेव्हा वहिनी अंघोळ उरकून, पदर खोचून खोलीच्या मधोमध उभी होती. "अगं, चहा करू कुठे?"

मी टेबलावरचा फोन तिच्या हातात दिला. ती आधी बावरली. मग घसा साफ करून म्हणाली, "दोन चहा पाठवा." जरा थांबली. "साखर घालून. चांगली भरपूर." दादाला मधुमेह झाल्यापासून त्या घरात सगळ्यांचाच चहा बिनसाखरेचा झाला होता.

चहा आला. पाय पलंगावर घेऊन तिनं पहिला घोट घेतला, तोच तिचा मोबाइल वाजला. दोन गल्ल्या पलीकडून दादा विचारत होता, "अगं, चहाची पावडर कुठे ठेवलीयेस?"

वहिनीनं सावकाश दुसरा घोट घेतला.

"तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "मी कामासाठी बाहेरगावी आलेय."