आग्रहाचं वजन

दिवाळीच्या फराळाला सगळं घर जमलं होतं, पण कुणी कुणाला "घे ना" म्हणत नव्हतं. हल्ली मनगटातली चकती आग्रह बरोबर ओळखायची आणि खाणाऱ्याचं वाढणारं वजन आग्रह करणाऱ्याच्या अंगावर चढवायची.

डाएटचं कौतुक सांगत आलेली शलाका मात्र मुद्दाम आईशेजारी बसली.

"मला नको हं काही," करंजीकडे बघत ती म्हणाली आणि वाट बघत थांबली.

खुर्चीत न मावणारी आई धापा टाकत म्हणाली, "घे गं, सणाचं आहे."

चकती चमकली. शलाकाने करंजी खाल्ली. मग असाच आग्रह करवून घेत तिने चार अनारसेही संपवले.

"मनावर ताबा लागतो," बोटं चाटत ती मावशीला म्हणाली. "आईला सांगून दमले, खाणं कमी कर म्हणून."

आईपुढची ताटली कोरडीच होती.