भर बाजारातलं घर

"बाबा, घरमालकीणबाईंसमोर तेवढं गायचं नाही," जिन्यात सुनेनं सासऱ्यांना कुजबुजत बजावलं. कानांनी अधू माणसाला कुजबुज काय पोचणार? त्यांनी आपली मान डोलावली. बहिरेपण वाढल्यापासून त्यांचं भजन सात घरांना ऐकू जाई. त्यापायी दोन बिऱ्हाडं सोडावी लागली होती. हे घर भर बाजारात. गलका थेट खोलीत येत होता. "गोंगाटामुळं भाडेकरू टिकत नाहीत," घरमालकीणबाई ओशाळून म्हणाल्या. "आम्हाला चालेल," सून घाईनं म्हणतेय तोच सासऱ्यांनी डोळे मिटून खड्या आवाजात भजन सुरू केलं. घरमालकीणबाई उठल्या आणि एकेक खिडकी लावत सुटल्या. हेही घर गेलं. सून सासऱ्यांना उठवायला पुढं झाली. घरमालकीणबाई येऊन सासऱ्यांसमोर मांडी घालून बसल्या. "गलक्यात शब्द कळत नव्हते, आजोबा. पुन्हा पहिल्यापासून म्हणा." सून तिथंच बसली आणि टाळीनं साथ देऊ लागली.