आधीचा दादा, नंतरचा दादा

“शर्ट काढ ना दादा. दोन मिनिटांचं काम आहे.”

दादा हॉस्पिटलच्या खाटेवर टेकून बसला होता. एकेकाळी त्याचे दंड बघायला लोक स्पर्धांना गर्दी करायचे; आता त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. धाकट्याला पहिलं वजन उचलायला त्यानेच शिकवलं होतं. त्याच धाकट्याच्या आता शहरभर जिम होत्या, प्रोटीन पावडरचा कारखाना होता, शरीरसौष्ठवाचं मासिक होतं. मासिकाचा खप मात्र घसरला होता आणि पावडरचे डबे पडून होते. खाटेवरच्या भावाकडे बघून या पठ्ठ्याला सुचलं काय, तर मुखपृष्ठ!

“मी एवढंच म्हटलं होतं, आईला आण,” दादा म्हणाला. “एकदा भेटू दे. डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस.”

“आणतो रे! अंक तेवढा निघू दे, गाडीच पाठवतो.”

दादाने शर्ट काढला. “पोट आत घेऊ का?” त्याने फोटोग्राफरला विचारलं. फोटोग्राफरला हसावं की काय करावं, कळेना.

हा फोटो लागला ‘आधी’ म्हणून. शेजारी ‘नंतर’ म्हणून दादाचा ऐन उमेदीतला, कधीच न छापलेला फोटो. वय जुळावं म्हणून कानशिलांवरचे केस तेवढे पांढरे केले. खाली पावडरचा डबा.

अंक हातोहात खपला. त्या धांदलीत गाडी राहूनच गेली. आज पाठवतो, उद्या पाठवतो. लाज कशाशी खातात हे धाकट्याला कधी ठाऊकच नव्हतं. आईला इतकंच सांगितलेलं, दादाला अशक्तपणा आहे. धाप तिला कळेल म्हणून दादाही फोनवर बोलणं टाळायचा. त्याला श्वास पुरेना, तेव्हा कुठे ड्रायव्हर निघाला.

दुपारी आईच्या दारातून ड्रायव्हरने फोन लावून दिला. दादाला ऐकू यावं म्हणून धाकट्याने तो स्पीकरवर टाकला.

“अरे, मी कशाला येऊ?” आई चक्क हसत होती. “शेजारणीने तुझा अंक दाखवला. किती वाळला होता रे माझा लेक! आणि आता बघ, कसा ठणठणीत झालाय. माझीच दृष्ट लागायची. भावाला उभं केलंस हो, बाळा! माझे गुडघे कशाला दुखवतोस? त्यालाच धाड ना इकडे!”

“आई, तो फोटो...”

दादाने फोनवर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

“गप्प बस. किती दिवसांनी हसतेय ती,” तो धापा टाकत म्हणाला. “खोटं तुला चांगलं जमतं. सांग, दादा पुढच्या महिन्यात येतो.”