सपाट मागणी

“काय म्हणाला हा?” आत्याने विचारलं. “मीठ हवंय का त्याला?”

इम्रेला मीठ नको होतं. तो वेनजिंगला मागणी घालत होता.

महिनाभर आरशासमोर घोकून त्याने ते चार शब्द पाठ केले होते. शब्द सगळे बरोबर होते, सूर एकही नव्हता. चेंगदूच्या चिनी बोलीत शब्दाचा सूर चुकला की अर्थ हातचा जातो. आणि हा हंगेरीचा पोहण्याचा मास्तर अख्खं वाक्य इस्त्री मारल्यासारखं सपाट बोलायचा. चुलतभावाने हसू दाबायला तोंडात सबंध डंपलिंग कोंबलं.

“पुन्हा सांग,” वेनजिंग पुटपुटली.

इम्रे तिच्या बाबांकडे वळला. एकेक शब्द त्याने सावकाश मांडला. हिच्याशी लग्न करायचंय. दोन गल्ल्या सोडून घर पाहिलंय. दर रविवारी जेवायला येऊ.

बाबांनी मान हलवली.

वेनजिंगचा चेहरा पडला. न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला बाबा मान हलवत. ऑपरेशन करून कानात यंत्र बसवलं, तरी सवय गेली नव्हती. मागे दारावरच्या विक्रेत्यापुढे अशीच मान हलवून त्यांनी पाय चोळायची तीन मशीनं घेतली होती. या यंत्रातून शब्द पोचतील, सूर फारसे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून आत्या भावाशी हातवारे करत, प्रत्येक सूर ताणून ताणून बोले. शेजाऱ्यांना वाटे, घरात गाण्याची शिकवणी लागली आहे. वेनजिंगला मात्र आज बाबांची मान नको होती. होकार हवा होता.

“दादाऽऽ!” आत्या वरच्या पट्टीत गेली. “तो काय बोलला ते कोणाला कळलेलं नाही! उगाच मान हलवू नकोस!”

बाबांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

“दोन गल्ल्या लांब कशाला?” ते इम्रेला म्हणाले. “मागची खोली रिकामी आहे. फक्त रविवारचा मासा तू करायचास. वेनजिंगच्या हातचा खाववत नाही.”



“अरे, पण तुला कळलं कसं?” आत्या सूरबीर विसरून गेली.

बाबांनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा उचलून इम्रेच्या वाटीत ठेवला.

“मला तुम्ही सगळेच असे सपाट ऐकू येता,” ते म्हणाले. “हा निदान सावकाश बोलतो.”